तिसरा महिना सरताना

चिपळूण,
५ जुलै २०२५

चि. मृण्मयी,


तुझा परवाचा लांबलचक निरोप वाचला. फोन केला असता, पण फोनवर तुझी आई मध्येच बोलते आणि तू ‘हो मावशी, हो मावशी’ करून मोकळी होतेस. शिवाय तू विचारलेल्या काही गोष्टी नेरूळच्या तुमच्या दोन खोल्यांत, शेजारी सासूबाई मेथी निवडत बसलेल्या असताना बोलण्यासारख्या नाहीत. म्हणून कागद घेतला. नोकरीत असताना तुझ्यासारख्या पहिलटकरणींशी रोज बोलायचे, पण बाहेर रांग असायची आणि एकीच्या वाट्याला पाच मिनिटंही यायची नाहीत. तुला सावकाश सांगते.

आधी तारखांचं. तुझी शेवटची पाळी २२ एप्रिलला आली. डॉक्टर त्या दिवसापासून मोजतात, म्हणजे गर्भ राहिलाही नव्हता ते पहिले दोन आठवडेही हिशोबात धरतात. त्यामुळे आज तुला दहा आठवडे चार दिवस झाले. १५ जुलैला बारा आठवडे पुरे होतील, २८ जुलैला तेरा आठवडे सहा दिवस. तिथे पहिली तिमाही संपते. ८ ते २८ जुलै हा पट्टा कॅलेंडरवर खुणा करून ठेव. या तीन आठवड्यांत करायच्या गोष्टी मोजक्या आहेत, पण त्या वेळेतच व्हायला हव्यात. बाकी लोक तुला जे शंभर नियम सांगताहेत, त्यातले बहुतेक सोडून दिलेस तरी बाळाचं काही अडत नाही.

मळमळीचं लिहिलंस. ऐरोलीला जाताना तुर्भ्याला मसाल्याचा वास आणि पुढे रबाळ्याला कारखान्यांचा, आणि ऑफिसात पोचेपर्यंत पोटात काही उरत नाही. हे नाटक नाही आणि मनाचा कमकुवतपणाही नाही. तुझ्या सासूबाईंनाही हे सांगायला हरकत नाही. एचसीजी नावाचं संप्रेरक आठव्या ते अकराव्या आठवड्यांच्या दरम्यान सर्वांत वर असतं, नंतर उतरतं. त्याच्या जोडीला वारेतून येणारं जीडीएफ १५ नावाचं प्रथिन असतं. गरोदरपणाआधी ज्यांच्या अंगात ते कमी असतं त्यांना ते अचानक वाढल्यावर जास्त त्रास होतो, असं २०२३च्या डिसेंबरात ‘नेचर’मध्ये छापून आलं. बायका इतकी वर्षं ओकताहेत, आणि कारणाचा नीट शोध लागायला एवढा उशीर! असो. बाराव्या ते चौदाव्या आठवड्यांत बहुतेकींना उतार पडतो, काहींची मळमळ विसाव्यापर्यंत रेंगाळते. मग एका सकाळी तू उठशील आणि तोंडाला पाणी सुटलेलं नसेल, चहाचा वास चालेल. त्या दिवशी ‘आता मळमळ नाही, म्हणजे बाळाला काही झालं का’ म्हणून रडत मला फोन करू नकोस. या आठवड्यांत ती थांबणं हेच अपेक्षित आहे.

तोवर उठल्या उठल्या अंथरुणातच कोरडं काहीतरी खा, खाकरा किंवा साळीच्या लाह्या. पोट रिकामं ठेवलंस तर मळमळ वाढते. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक पर्समध्ये असू दे. आल्याचा उपयोग होतो हे अभ्यासातही दिसलंय, आजीचाच शब्द आहे असं नाही. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर डॉक्सिलॅमिन आणि बी-६ जीवनसत्त्वाची गोळी देतील. ती जुनी, पुष्कळ वापरलेली, बाळाला सुरक्षित गोळी आहे. ‘गरोदरपणात गोळ्या नकोत’ म्हणत उगाच सोसू नकोस. मात्र दिवसभर पाणीही टिकत नाही, लघवी गडद आणि थोडी होते, उभं राहिलं की अंधारी येते, असं झालं तर घरी लिंबूपाणी करत बसायचं नाही. सरळ दवाखाना, तिथे सलाइन लावतील.

आणि उपास नाहीत. उद्याची आषाढी हे पत्र पोचायच्या आत होऊन जाईल, पण २५ तारखेला श्रावण लागतोय. श्रावणी सोमवार यंदा विठोबा-महादेवांनी माफ केलेत असं सासूबाईंना माझ्या नावाने सांग.

बाकी शरीरात काय होईल ते थोडक्यात. बाराव्या आठवड्याच्या सुमाराला गर्भाशय ओटीपोटातून वर यायला लागतं, त्यामुळे लघवीची सारखी घाई जरा कमी होते. बद्धकोष्ठ आणि गॅस मात्र राहतात, कारण प्रोजेस्टेरॉनमुळे आतडी सुस्तावतात. जीन्स घट्ट होतेय ती बाळामुळे कमी आणि गॅसमुळे जास्त. वजन या तीन महिन्यांत किलो-दोन किलो वाढतं, ओकाऱ्या असतील तर उतरतंही. दोघांचं जेवण जेवायची गरज नाही. थकवा हळूहळू ओसरेल. बाळाची हालचाल आत्ताच शोधू नकोस, पहिल्या खेपेला ती अठराव्या-विसाव्या आठवड्याला कळते. तुझ्या ॲपमध्ये दर आठवड्याला बाळाचं नवं फळ होतं, त्याची मला गंमत वाटते. खरं माप हवं असेल तर बाराव्या आठवड्याला डोक्यापासून ढुंगणापर्यंत साधारण साडेपाच सेंटिमीटर, वजन चौदा ग्रॅमच्या आसपास. बोटं सुटी झालेली असतात, मूत्रपिंडं कामाला लागलेली असतात, हृदय मिनिटाला दीडशेच्या पुढे पळत असतं. अवयवांची मूळ घडण या टप्प्याला बहुतेक झालेली असते, पुढे मुख्यतः वाढ.

आता त्या सोनोग्राफीकडे येते, जिच्या नावाने तुझी झोप उडालीय.

एनटी स्कॅन अकरा आठवडे पुरे झाल्यापासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंतच करता येतो. बाळाची लांबी तेव्हा ४५ ते ८४ मिलिमीटर असते. या वयात प्रत्येक बाळाच्या मानेच्या मागे त्वचेखाली थोडं पाणी साठलेलं असतं, पुढे लसिकावाहिन्या तयार झाल्या की ते शोषलं जातं. म्हणून उशीर करून चालत नाही. पंधराव्या आठवड्याला गेलीस तर मोजण्यासारखं काही उरलेलंच नसतं. काही गुणसूत्रीय दोषांत आणि हृदयाच्या काही दोषांत हे पाणी जास्त असतं, हे लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलातल्या डॉ. किप्रोस निकोलायडिस यांच्या गटाने १९९२मध्ये मांडलं. त्यावरून आज जगभर ही तपासणी होते. तेव्हाच नाकाचं हाड दिसतं का पाहतात, कवटी, पोटाची भिंत, हात-पाय बघतात. जुळं असेल तर त्यांची वार एक की दोन हे याच वेळी सर्वांत नीट कळतं.

आणखी एक काम हा स्कॅन करतो, ज्याचं महत्त्व लोकांना कळत नाही. या लांबीवरून बाळंतपणाची तारीख पक्की होते. पुढच्या सोनोग्राफ्यांत मशीन वेगवेगळ्या तारखा छापतं आणि घरात गोंधळ उडतो, ‘बाळ दहा दिवस मागे आहे म्हणे!’ पुढच्या सोनोग्राफ्यांनी तारीख बदलायची नसते. आत्ताची धरून चालायची, आणि नंतर वाढ कमी दिसली तर ती याच तारखेशी ताडून ठरवायची.

जाताना थोडं पाणी पिऊन जा. बाळ पालथं किंवा वाकडं पडलेलं असेल तर डॉक्टर तुला बाहेर फिरून, काही खाऊन परत यायला सांगतील. तासभर जाईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ओळखपत्र ने. एक फॉर्म भरून घेतील, त्याला ‘एफ फॉर्म’ म्हणतात. गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं तुझ्या सहीचं निवेदन त्यात असतं. भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा फलक दिसेलच. तुझ्या पिढीला तो फलक सरकारी खाक्याचा भाग वाटतो. आमच्या डोळ्यांदेखत तो लागला. १९८०च्या दशकात मुंबईत गर्भजल तपासून मुलगी असेल तर गर्भपात करण्याचा धंदा उघड चालायचा, जाहिराती लागायच्या. बायकांच्या संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी झगडून १९८८मध्ये महाराष्ट्राला कायदा करायला लावला. देशात तो पहिला. केंद्राचा कायदा १९९४चा. तरी २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुलीच निघाल्या. म्हणून कुणी ‘ओळखीचे आहेत, नुसतं हसून सांगतात’ म्हणालं, अगदी घरातलं कुणी म्हणालं, तरी तिथे जायचं नाही. उलट्या जास्त म्हणजे मुलगी, पोट टोकदार म्हणजे मुलगा, हे सगळे अंदाज निम्म्या वेळा खरे ठरतात, आणि का ते तुला सांगायला नको.

स्कॅनच्याच दिवशी किंवा लगेच पुढे-मागे रक्त घेतील. त्याला डबल मार्कर म्हणतात. त्यात दोन पदार्थ मोजतात, मुक्त बीटा एचसीजी आणि पॅप-ए. तुझं वय, वजन, मानेमागच्या पाण्याचं माप आणि हे दोन आकडे संगणकात घालून एक शक्यता काढली जाते. म्हणून वजन विचारलं तर खरं सांग, दोन किलो चोरू नकोस, हिशोब बिघडतो.

मग कागद येतो, आणि तुझ्यासारख्या हुशार मुलीही त्या कागदापुढे हबकतात. समज, त्यावर ‘१:१८०’ असं लिहून आलं आणि बाजूला लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’. पुष्कळ प्रयोगशाळा १:२५० ही रेघ धरतात. त्याच्या अलीकडे आलं की लाल. पण १:१८० याचा अर्थ असा की हाच अहवाल आलेल्या १८० बायकांपैकी एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल आणि १७९ जणींच्या बाळांना नसेल. हे निदान नाही. चाळणी आहे, आणि मुद्दाम बारीक भोकांची ठेवलेली, कारण एकही निसटू नये असा हेतू. स्कॅन आणि रक्त मिळून डाउन सिंड्रोमची शंभरातली साधारण नव्वद बाळं त्यात अडकतात. त्या बदल्यात शंभर निरोगी गर्भांपैकी पाचांवरही उगाच लाल शिक्का बसतो. उलट हिरवा कागद आला म्हणजे हमी मिळाली असंही नाही. आकडा हा आकडाच.

लाल आलाच तर पुढे दोन वाटा. एक, आईच्या रक्तातले बाळाच्या वारेचे डीएनएचे तुकडे तपासायचे. तिला एनआयपीटी म्हणतात. दहाव्या आठवड्यानंतर केव्हाही होते, डाउनच्या बाबतीत शंभरात नव्व्याण्णव वेळा पकडते, महाग आहे, आणि तीही चाळणीच. दुसरी, पक्कं निदान: अकरा ते चौदा आठवड्यांत वारेचा कण किंवा सोळाव्या आठवड्याच्या आसपास गर्भजल घेऊन गुणसूत्रं बघायची. त्यात गर्भपाताचा धोका आहे, पण तो शंभरात एकाहून कमी. मानेमागचं पाणीच साडेतीन मिलिमीटरच्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर सरळ दुसऱ्या वाटेला पाठवतात. आणि समज, खरोखर गंभीर दोष निघाला, तर काय करायचं हे तू आणि अमेय मिळून ठरवा. पण कागदावर संमती लागते ती फक्त तुझी. सज्ञान बाईच्या गर्भपाताला नवऱ्याची, सासऱ्यांची सही कायद्याला लागत नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर गंभीर दोषासाठी वैद्यकीय मंडळाच्या मंजुरीने २४ आठवड्यांनंतरही परवानगी मिळते. त्यामुळे एका रात्रीत निर्णय घे असं कुणी म्हणालं तर घेऊ नकोस. हे सगळं तुला लागेल असं नाही, बहुतेक लागणारच नाही. पण लागलं तर ऐन वेळी माहीत असलेलं बरं.

आता ‘कुणाला सांगायचं’ हा प्रश्न. सासूबाई म्हणतात तीन महिने चकार शब्द काढायचा नाही आणि मग चोरओटी. मी चोरओटीच्या बाजूची आहे. हिरवा खण, तांदूळ, नारळ, चार जवळच्या बायका आणि दार लोटलेलं. पाचशे माणसांच्या डोहाळजेवणापेक्षा मला तीच आवडते. फक्त ओटी भरायला सुवासिनीच हव्यात हे मला पटत नाही. यात माझा स्वार्थ आहे, काका गेल्यापासून मला असल्या ठिकाणी स्वयंपाकघरातच काम निघतं.

पण तीन महिने न सांगण्यामागचं कारण बघ. कळलेल्या गर्भांपैकी शंभरातले दहा ते वीस गळतात, आणि त्यातले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. तेव्हा आधी गाजावाजा नको, असं ते. त्यात शहाणपण आहे. अडचण अशी की गर्भ गळतो तेव्हाही मग कुणालाच कळत नाही. बाई दोन दिवस पोट धरून पडते आणि तिसऱ्या दिवशी लोकलमध्ये उभी असते. माझं मत असं: ज्यांच्यापुढे वाईट बातमी सांगून रडता येईल अशा दोन-तीन माणसांना पहिल्यापासून सांगावं. बाकीच्यांना एनटी स्कॅननंतर. समाजमाध्यमांवर तर विसाव्या आठवड्याच्या स्कॅननंतरही घाई नाही.

तू ज्याला भितेस ते मला कळतंय. सातव्या आठवड्याला तुझ्या बाळाचे ठोके दिसले, तेव्हाच धोका बराच उतरला, आणि तेराव्या आठवड्यापर्यंत तो आणखी उतरेल. शून्य कधी होत नाही. ‘तीन महिने झाले, आता काळजी नाही’ हे वाक्य खरं नाही आणि खोटंही नाही. गळणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रंच चुकीची जुळलेली असतात. बादली उचलली, लोकलचा धक्का बसला, जिना चढली, पपईची फोड खाल्ली, यांनी ते होत नाही. कच्च्या पपईचा चीक टाळ, पिकलेली खुशाल खा. आणि डागभर रक्त दिसलं म्हणून महिनाभर अंथरुणात पडून राहायला सांगणारे अजून आहेत. पडून राहिल्याने गर्भ टिकतो याला आधार नाही. रक्त दिसलं तर डॉक्टरांना दाखवायचं हे मात्र नक्की. तुझा रक्तगट निगेटिव्ह आहे, म्हणून तर जास्तच. अँटी-डी इंजेक्शन लागेल का ते त्यांना ठरवू दे. एका बाजूला जोराची कळ, ताप, लघवीला जळजळ, यांनाही थांबायचं नाही. पावसाळा आहे, डासांपासून जप. गरोदर बाईला मलेरिया वाईट. तापाला पॅरासिटामॉल चालतं, दुसरी वेदनाशामकं मनाने घेऊ नकोस.

तू विचारलंस, ‘मावशी, तुला टाका घातला होता ना, मलाही घालून घेऊ का?’ त्याची गोष्ट सांगते. माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. कळा नाहीत, काही नाही. गर्भाशयाचं तोंड आपोआप उघडलं. सौरभच्या वेळी तिसरा महिना संपून स्कॅन चांगला आल्याबरोबर डॉक्टरांनी त्या तोंडाला टाका घातला, शेवटच्या महिन्यात काढला, आणि तुझा सौरभदादा पुऱ्या दिवसांचा झाला. जगात तो ‘शिरोडकर टाका’ म्हणून ओळखला जातो. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर १८९९मध्ये गोव्यात जन्मले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि तिथेच शिकवलं. वारंवार मधल्या महिन्यांत गर्भ जाणाऱ्या बायकांसाठी त्यांनी ही शस्त्रक्रिया बसवली आणि १९५५मध्ये प्रसिद्ध केली. सुरुवातीला ते मांडीच्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी काढून तिचाच टाका वापरत. १९७१मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, त्याच वर्षी ते गेले. परदेशातल्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत आपल्याकडचं आडनाव सापडतं ते हे.

आता तुझं उत्तर. तुला टाका नको. मावशीला लागला म्हणून भाचीला लागत नाही. ज्यांचा गर्भ मधल्या महिन्यांत असा गेलाय, किंवा ज्यांच्या गर्भाशयाचं तोंड सोनोग्राफीत आखूड दिसतंय, त्यांच्यासाठी तो आहे. ‘सेफ्टीसाठी घालून टाकू’ असं कुणी सुचवलं तर कारण विचार. विसाव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये तोंडाची लांबी मोजतील, तेवढं पुरे.

उलट जे तू विचारलं नाहीस ते डॉक्टरांना जरूर सांग: तुझ्या आईला तुझ्या वेळी शेवटी बीपी वाढून सूज आली होती. पहिली खेप आणि आईला हा त्रास, हे दोन्ही एकत्र आलं की पुष्कळ डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री ॲस्पिरिनची लहान गोळी सुरू करतात. सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तरच तिचा खरा उपयोग. घ्यायची की नाही हे ते ठरवतील, पण माहिती तुझ्याकडूनच जायला हवी.

थॅलेसेमियाची एचपीएलसी तपासणी झाली नसेल तर या आठवड्यातच करून घे. तू वाहक निघालीस तर अमेयची करावी लागेल, आणि दोघंही वाहक असाल तर बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. ते शोधायचं तर वेळ हीच. साखरेची तपासणी, ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी, आत्ता एकदा आणि चोविसाव्या आठवड्यानंतर पुन्हा. धनुर्वाताचं इंजेक्शन चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा. फॉलिक ॲसिड चालू आहेच. लोह आणि कॅल्शियम दुसऱ्या तिमाहीत सुरू होतील. ती दोन्ही एकदम घ्यायची नाहीत, आणि लोहावर चहा प्यायचा नाही. मासे खा, बोंबील-मांदेली-बांगडा सगळं. फक्त मोरीसारखा मोठा शिकारी मासा नको, त्यात पारा साठतो.

बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली पाहिजे, हा सरकारी नियमही अर्थपूर्ण आहे. तू खाजगी डॉक्टरांकडे जातेस तरी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात नाव घालून माता-बाल संरक्षण कार्ड घे. लसीकरणाला पुढे तेच लागतं. आणि तुमच्याकडे धुणं-भांड्यांना येणाऱ्या ताईंची सून पोटुशी आहे म्हणालीस, तिला मात्र हाताला धरून ने. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये आहेत, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून तज्ज्ञ डॉक्टर फुकट तपासतात, आणि हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

ऑफिसात स्कॅनचा अहवाल आल्यावर सांग, आणि तोंडी नाही, मेलवर. १९६१च्या कायद्याने ही रजा मिळायला लागली, २०१७च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली. त्यातले आठ बाळंतपणाआधी घेता येतात. वर्षभरात ८० दिवस काम झालेलं हवं, तुझं आहे. रजेवर आहे म्हणून काढून टाकणं बेकायदा. गर्भपात झाला तरी सहा आठवडे पगारी रजा मिळते. ही गोष्ट बायकांना क्वचितच माहीत असते. तुझा टीम लीडर कपाळाला आठ्या घालेल. घालू दे. मुंबई कायदे मंडळात १९२८मध्ये या रजेच्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले होते, आणि १९२९मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. हा हक्क तुला कंपनीने दिलेला नाही.

त्या गर्भसंस्काराच्या पॅकेजचे पैसे अजून भरले नसतील तर भरू नकोस. बाळाला आवाज जाणवायलाच निम्मे दिवस भरावे लागतात. अभिमन्यूची गोष्ट छान आहे, पण सुभद्रेचे ते तिसऱ्या महिन्याचे दिवस नव्हते. गाणी तुला आवडतात म्हणून ऐक. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना चढता येतं, फाईल जवळ ठेव आणि संकोच करू नकोस.

सोमवारी सकाळी पहिलं काम म्हणजे स्कॅनची वेळ घेणं. १५ ते २२ जुलैच्या मधली घे, म्हणजे बाळ नीट दिसलं नाही तर पुन्हा जायला दिवस उरतील. अमेयला बरोबर ने, तो बाहेर बाकावर बसून फोन बघत राहणार नाही एवढं बघ. आणि अहवाल आला की आधी डॉक्टरांना दाखव, मग मला फोटो पाठव. इंटरनेटवर तो आकडा टाकून रात्री जागत बसू नकोस.

तुझी,
सुमनमावशी